नेहरूंपर्यंत न पोचलेला अहवाल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नारायणगडाच्या आसपासच्या गावांत पहाटे निघालात तर दोन प्रकारची मुलं भेटतात. काही सैन्यभरतीसाठी रस्त्यावर धावत असतात, तर काही ‘एमपीएससी’ची पुस्तकं उघडून बसलेली असतात. या दोन्ही वाटांशी ज्यांचा जवळून संबंध आला, त्या मराठी सेनानीचं नाव मात्र यातल्या थोड्याच मुलांना ठाऊक असेल. ते म्हणजे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात.

जन्म १९०६ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचा. सँडहर्स्टला शिकून १९२६ मध्ये ते लष्करी अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात, आराकान किनाऱ्यावरच्या कांगावला जपान्यांशी तुंबळ लढाई झाली. तिथल्या तीन पलटणींचे प्रमुख भारतीय होते: थिमय्या, सेन आणि थोरात. तिघांनाही ‘डीएसओ’ मिळालं. भारतीय माणसाला पलटण चालवता येईल का, असं विचारणाऱ्या गोऱ्या साहेबांना ते उत्तर होतं.

मला स्वतःला कोरियातले थोरात अधिक मोठे वाटतात. १९५३ साली युद्धबंदीनंतर मायदेशी परतायला नकार देणारे सुमारे २३ हजार कैदी भारतीय फौजेच्या ताब्यात आले. थोरात या फौजेचे प्रमुख होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांना पाय ठेवू देईनात, म्हणून जहाजांवरून हेलिकॉप्टरनं त्यांना थेट छावणीवर नेलं गेलं. कैदी आधीच चिडलेले. त्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरलं. थोरात शस्त्र न घेता त्या जमावात शिरले, बोलत राहिले आणि अधिकाऱ्याला सोडवून बाहेर आले. गोळी सुटली असती तर काय झालं असतं, याची कल्पनाच करावी. या धैर्याबद्दल त्यांना अशोकचक्र वर्ग दोन मिळालं. त्यालाच पुढे कीर्तिचक्र हे नाव आलं.

१९५७ पासून पूर्व विभाग त्यांच्याकडे होता. १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, संरक्षणाबद्दल अहवाल लिहिला. सीमेवरच्या चौक्या चाहूल देण्यापुरत्याच ठेवाव्यात आणि खरी लढाई मागे, आपली रसद पोचेल तिथं द्यावी, असं त्यांचं म्हणणं होतं. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाच्या सरावात त्यांनी हेच मांडून दाखवलं. सरसेनापती थिमय्यांना ते पटलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पटलं नाही.

थिमय्यांनंतर थोरातांना सरसेनापतिपद मिळालं नाही. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ ला चिनी फौजा उतरल्या आणि महिन्याभरात बोमडिला पडलं. मग नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं. तो अहवाल पाहून त्यांनी विचारलं, हा मला का दाखवला नाही? ते मेननच सांगू शकतील, असं थोरातांनी उत्तर दिलं. स्वतःच्या शहाणपणाचा टेंभा त्यांनी त्या वेळी मिरवला नाही, हे मला विशेष वाटतं.

पुढे ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९८६ मध्ये त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झालं, १९९२ मध्ये ते गेले. तालुक्याच्या वाचनालयात हे पुस्तक सापडलं, तर आधी ‘लाल किल्ल्या’चा भाग काढून वाचा.