संध्याकाळचं मैदान
(बेलापूर येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)

मैत्रिणींनो, रग्बी म्हटलं की धिप्पाड पुरुष डोळ्यांपुढे येतात. पण आपल्या मुलींचाही भारतीय संघ आहे. 2019 मध्ये मनिलात त्यांनी सिंगापूरला 21-19 असं हरवलं. पंधरा-पंधरा जणींच्या खेळातला तो पहिलाच विजय! कर्णधार होती पुण्याची वाहबिझ भरुचा. शेवटच्या क्षणी लाथेने गुण मिळवणारी सुमित्रा नायक ओडिशाची.

19 सप्टेंबर 2026 पासून जपानमध्ये आशियाई खेळ आहेत. तिथे सात-सात जणी खेळतात, सात मिनिटांचे दोन भाग. मैदान मात्र तेवढंच मोठं, म्हणजे नुसता दमसास! 2023 च्या हांगझोऊच्या खेळांत आपल्या मुली जपान आणि हाँगकाँगकडून मोठ्या फरकाने हरल्या. जपान, चीनपुढे यंदाही पदकाची आशा मी धरत नाही. फरक कमी झाला का, तेवढं बघू.

आपल्याकडे दहावी झाली की मुलीचं मैदान सुटतं. “हातपाय मोडला तर लग्न कसं जमायचं?” हे मी घरोघरी ऐकते. मुलगा पडला तर हळद लावून पुन्हा पाठवतो ना? शाळेचं मैदान संध्याकाळी तासभर मुलींना मिळावं, असा अर्ज आणलाय. जाताना सह्या करा. सासूबाईंनाही आणा.