शिस्त आधी कुणाची?



आपल्या मुख्याध्यापक-शिक्षकांच्या आजच्या सभेचा विषय ‘गणवेश आणि विद्यार्थ्यांची शिस्त’. सकाळपासून तक्रारी ऐकतेय. मुलं बाजूने भादरलेले केस घेऊन येतात, मुली मेंदी काढून येतात, शनिवारी पांढरे बूट नसतात, पालक उलट उत्तरं देतात. तक्रारी खोट्या नाहीत. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या शिक्षकांनी त्या करायच्या, तर आधी २० ऑगस्ट २०२४ आठवायला हवा.

त्या सकाळी पालक बदलापुरात एका शाळेसमोर जमले, मग रुळांवर उतरले आणि दहाएक तास लोकल बंद राहिल्या. चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतच, शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार होती. गुन्हा नोंदवायला झालेल्या दिरंगाईने संतापात भर पडली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शासनाने लगोलग आदेश काढला: सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती. यातली समिती तर २०२२ पासूनच शाळाशाळांत असायला हवी होती. तिच्या बैठका किती झाल्या, हे प्रत्येकाने आपापल्या इतिवृत्ताच्या वहीत पाहावं. मुलगा बिल्ला विसरला तर आपल्याला प्रार्थनेच्या आत कळतं. समितीची बैठक विसरली, तर वर्ष उलटलं तरी कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की शिस्तीची तपासणी फाटकावर उभ्या मुलाच्या पायापासून सुरू होऊ नये. ती मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या त्या वहीपासून सुरू व्हावी.

गणवेश नको म्हणणाऱ्यांतली मी नाही. उल्हासनगर कॅम्पातल्या दुकानदाराचा मुलगा आणि हातगाडीवाल्याचा मुलगा एका बाकावर बसतात तेव्हा त्याचा उपयोग काय, हे इथे सांगायला नको. माझा आक्षेप आहे तो नियम मोडल्यावर आपण जे करतो त्यावर. बुटाच्या रंगावरून मुलाला फाटकावरूनच घरी पाठवणं ही आपली सगळ्यात अंगवळणी पडलेली शिक्षा. कुणी हात उगारत नाही, वळ उठत नाही, म्हणून ती सभ्यही वाटते. पण आपल्या पट्ट्यात आई-वडील दोघंही सकाळच्या लोकलने ठाणे, दादर गाठतात. परत पाठवलेलं पोर जातं कुठे? कुलूपबंद दाराशी, स्टेशनच्या पुलावर, नाहीतर उल्हास नदीच्या काठावर. हजेरीपटावर ते गैरहजर, आणि घरच्यांच्या लेखी शाळेत! पाच-सहा तास ते कुणाच्याच जबाबदारीवर नसतं. बदलापूरच्या त्या ऑगस्टनंतर ही शिक्षा आपण द्यायची हिंमत तरी कशी करतो?

गणवेश का नाही, हे आपण विचारतो का? जुलैत एका खोलीच्या घरात दोरीवरचा शर्ट दोन-दोन दिवस वाळत नाही. उल्हासनगरच्या कितीतरी घरांत आई रात्री शिवलेल्या जीन्सचे सुटे धागे कापायचं, ‘धागा कटिंग’चं काम करते. पोराच्या शर्टाचं बटण तेवढं राहून जातं. (जाता जाता: मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षकांना जीन्स वर्ज्य केली. जीन्स शिवणाऱ्या शहरात तो वाचून दाखवताना मला हसू आवरेना.)

सरकारलाही गणवेशाचा नियम जमला नाही. ‘एक राज्य एक गणवेश’ योजना २०२४-२५ मध्ये लागू झाली. कापड वरून, शिलाई बचत गटांकडून. कित्येक ठिकाणी स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश पोचले नाहीत. पोचले त्यांतल्या काहींच्या मापांत दोन मुलं मावली असती. डिसेंबरात शासनाने ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवायचं ठरवलं. शाळेचा गणवेश शाळेनेच बघावा, हे शासनाला कळायला एक सत्र लागलं. पण समितीच्या बैठकीत गणवेश ठरवताना पालक खरंच बोलतात, की ठरलेल्या दुकानाची पावती पुढे करून आपण फक्त सह्या घेतो, हे आपल्यालाच ठाऊक.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत उशिरा आलेल्या मुलीला शंभर उठाबशा काढायला लावल्याची आणि काही दिवसांनी तिचा मृत्यू झाल्याची बातमी आपण वाचली. वर्गासमोर केस कापणं, मेंदीचे हात सगळ्यांना दाखवायला लावणं, हेही त्याच कलमात बसतं. ‘आमच्या वेळी छडी होती’ हा युक्तिवाद आता पुरे झाला.

दुपारच्या सत्रासाठी तीन ठराव दिले आहेत. पहिला: गणवेशावरून कोणत्याही मुलाला फाटकावरून परत पाठवू नये. त्याला वर्गात बसवून घरी फोन करावा. दुसरा: कार्यालयात जादा शर्ट, बूट, रिबिनींचं एक कपाट ठेवावं आणि त्याची किल्ली शिपाईमामांकडे नव्हे, वर्गशिक्षकांकडे असावी, म्हणजे पोराला चारचौघांत मागावं लागणार नाही. आणि तिसरा: सखी सावित्री समितीच्या बैठकीची तारीख परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारीच सूचनाफलकावर लावावी. तिसऱ्या ठरावाला काहींचा विरोध आहे, असं कानावर आलंय. त्यांनी तो व्यासपीठावर येऊन, नाव सांगून मांडावा. मी त्यांना पहिला वेळ देईन.