फ्रेंच उकड

न्योकी म्हटले की इटलीतील बटाट्याचे गोळे आठवतात. परंतु पॅरिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या न्योकीत बटाट्याचा लवलेशही नसतो. तिचा आरंभ तांदळाच्या भाकरीसाठी आपण काढतो त्या उकडीसारखाच होतो.

पाव लिटर पाण्यात 85 ग्रॅम लोणी व चिमूटभर मीठ घालून उकळी आणावी. त्यात 125 ग्रॅम मैदा एकदम ओतून मंद आचेवर सतत घोटावा. गोळा कडा सोडू लागला आणि तळाशी पातळ पापुद्रा धरला, की भांडे उतरवावे. उष्णतेने पिठातील स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात. म्हणूनच ते पीठ पुढे 3 अंडी सामावून घेते.

येथेच धीर लागतो. पहिल्या खेपेस पाहुणे दारात आलेले, म्हणून मी कढत गोळ्यातच अंडी फोडली. ती शिजली आणि गुठळ्यांखेरीज हाती काही लागले नाही. ‘उकडीची वाफ जिरू द्यावी’ हे आईचे सांगणे तेव्हा आठवले. गोळा कोमट झाल्यावर एकेक अंडे घालावे. पहिले पुरते मुरल्यावाचून दुसरे घालू नये.

मग शंकूसारख्या कापडी पिशवीतून मिश्रण दाबीत, पेराएवढे तुकडे सुरीने कापून मिठाच्या पाण्यात सोडावेत. पाणी खळखळू नये, नुसते थरथरावे. तुकडे तरंगले की दोनेक मिनिटांनी निथळावेत आणि वर लोणी व किसलेले चीज पसरून ओव्हनमध्ये सोनेरी भाजावेत. बाहेर येताच फुगलेली न्योकी खाली बसू लागते. ती पाहुण्यांसाठी खोळंबत नाही. पाहुण्यांनीच तिच्यासाठी खोळंबावे.