दिवस कशानें भरतो?



ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ सालीं आपल्या रत्नागिरीस आणिला गेला. १९१० मध्यें त्यास राजवाडा मिळाला. खाडी, समुद्र, मावळता सूर्य, सर्व समोर होतें. नव्हतें तें एकच: सकाळीं उठून करावयाचें काम. हा त्याचा दोष नव्हे; तें हिरावलेंच गेलें होतें. १९१६ सालीं तो येथेंच वारला.

त्याच वर्षीं, आपल्याच जिल्ह्यांत जन्मलेल्या धोंडो केशव कर्व्यांनीं, वयाच्या ५८ व्या वर्षीं, महिला विद्यापीठ स्थापिलें. त्यापूर्वीं कित्येक वर्षें ते हिंगण्याहून पुण्यास गणित शिकवावयास पायीं जात. रस्ता रोजचाच, पावसाळ्यांत चिखलाचा. परंतु त्याच्या दोन्ही टोकांस त्यांची वाट पाहणारें कोणी असे: इकडे वर्गांतले विद्यार्थी, तिकडे आश्रमांतल्या मुली.