जनावरांची साथ आणि माणसाची साक्ष

(खलिफा सिटी, अबू धाबी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आमचा व्यवसाय माणसांच्या औषधोपचाराचा. तरीही आज आम्ही पशुवैद्यक संशोधकांच्या कार्याविषयी बोलणार आहोत, कारण गुरांचे रोग आणि आपल्या समाजाचा इतिहास यांचे नाते जुने आहे. गावात ढोर मेले की ते ओढून नेण्याचे काम कोणाच्या वाट्याला येई, हे येथे सांगावयास नको. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले, ते स्वाभिमानासाठी. वैद्यकाच्या दृष्टीनेही ते हितकारकच होते. फाशी रोगाने मेलेले ढोर सोलणाऱ्यास किंवा खाणाऱ्यास तोच रोग जडू शकतो आणि त्याचे जंतुबीज मातीत अनेक वर्षे टिकून राहते.

ज्यांच्या हातांना मृत जनावरांचा स्पर्श होई, त्यांच्याच माथी दोषही मारला जाई. एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतात गुरे मोठ्या संख्येने मेली की चांभारांनी कातड्यासाठी विष घातले असावे, असा संशय इंग्रज अधिकारी घेत. कोठे विषप्रयोग घडलेही असतील. परंतु त्यावरून संपूर्ण जातीकडे गुन्हेगार म्हणून पाहणे हा अन्याय होता. त्याच काळात बुळकांडीसारख्या साथी गोठेच्या गोठे रिकामे करीत होत्या.

या साथींचा शास्त्रीय शोध घेण्यासाठी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा स्थापन झाली. पुढे ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे नेण्यात आली. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे मूळ तेच. मुक्तेश्वर येथे १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू बकऱ्यांमध्ये वारंवार वाढवून सौम्य केला व त्यापासून लस सिद्ध झाली. पुढे वॉल्टर प्लॉराइट यांनी केनियात अधिक सुरक्षित लस तयार केली.

परंतु केवळ लशीने साथ संपत नाही. भारतात १९५४ पासून गुरांना सरसकट लस टोचण्याची मोहीम चालली. रोग घटला, पण निर्मूळ झाला नाही. येथे साथरोगशास्त्राची गरज पडते. प्रथम कोणत्या कळपात जनावर आजारी पडले, ते कोणत्या बाजारातून आले, कोणत्या वयाची जनावरे दगावली, हे प्रश्न तो संशोधक विचारतो. १९९२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रकल्पात अशा शोधावर भर दिला गेला. १९९५ नंतर देशात बुळकांडी आढळली नाही. पुढे लस टोचणेही थांबविण्यात आले, कारण लस दिलेल्या जनावराच्या रक्तावरून लपलेला रोग ओळखता येत नाही. २००६ साली भारत रोगमुक्त ठरला आणि २०११ साली जग. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग होय.

या यशातील एक भाग आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. जेफ्री मरिनर या अमेरिकन पशुवैद्यकाने शीतपेटीवाचूनही काही आठवडे टिकणारी लस विकसित केली. आफ्रिकेतील दुर्गम भागांत ती स्थानिक पशुपालकांनाच शिकवून त्यांच्या हातून टोचण्यात आली. रोग कोठे दडला आहे, हेही त्यांनाच विचारण्यात आले. निरक्षर गुराख्यांना बुळकांडीची लक्षणे, तिचे स्थानिक नाव आणि साथीची वर्षे अचूक ठाऊक होती. ज्याला पूर्वी आरोपी ठरविले जाई, त्या माणसाला शास्त्राने येथे साक्षीदाराचे स्थान दिले.

हा धडा या वाळवंटी देशातही लागू पडतो. १९९४-९५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ज्वर पसरला, तेव्हा गुरांचे बाजार व कत्तलखाने येथे काम करणाऱ्यांना विशेष बाधा झाली. हा विषाणू गोचिडीतून व जनावराच्या रक्तातून येतो. जनावर मात्र निरोगी दिसते. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत हाच रोग आढळला. उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका त्यात मृत्युमुखी पडले; निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले. २०१२ साली सौदी अरेबियात प्रथम ओळखलेल्या मर्स रोगाचा माग काढताना संशोधक उंटापर्यंत पोहोचले.

म्हणून आपल्यातील डॉक्टर, परिचारिका व प्रयोगशाळा-तंत्रज्ञांना आमची विनंती आहे. तापाने फणफणलेला मजूर समोर आला की, तो काय काम करतो आणि कोणत्या जनावरांजवळ वावरतो, हे अवश्य विचारावे. तो कोणत्या देशाचा वा जातीचा, यावरून तर्क बांधू नये. त्याने काम लपवू नये, इतका विश्वास त्याला आपल्या बोलण्यातून मिळावा.

पालकांनाही एक सांगणे आहे. आपली मुले वैद्यक व अभियांत्रिकीकडे वळतात, याचा आनंद आहेच. एखादीस पशुवैद्यक व्हावेसे वाटले, तर जुन्या कटू स्मृतीमुळे तिला अडवू नका. आपल्या पूर्वजांवर ते काम लादलेले होते; ती हे शास्त्र स्वेच्छेने निवडील आणि मेलेल्या जनावरापाशी प्रश्न विचारण्याच्या अधिकाराने उभी राहील.

जयभीम! नमो बुद्धाय!