जथ्याची चाल मागच्यानं ठरवायची

(नारायणगड, जि. बीड इथल्या मुक्कामाच्या सभेत सायकल जथ्यातल्या एका तरुण कार्यकर्त्यानं केलेलं भाषण. बोलला तसंच उतरवून घेतलं आहे. तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर आलाय, म्हणून गावोगावी ग्रामसभेत हे मोठ्यानं वाचून दाखवावं.)



इथल्या गायरानधारक बाया-बापड्यांनो, आमच्या जथ्यातल्या साथींनो, गडाच्या परिसरातल्या वडीलधाऱ्या माणसांनो! तुम्ही आम्हाला उतरायला जागा दिली, भाकरी दिली, रांजणातलं पाणी दिलं. आम्ही किनवटच्या जंगलातून सायकली मारत नांदेड, परभणी, पाथरी, माजलगाव करत इथवर आलो. आमचं वनहक्काचं गाऱ्हाणं आणि तुमचं गायरानाचं गाऱ्हाणं एकच आहे, हे सांगायला आलो. जमिनीचं आमचे बाकीचे साथी बोललेच आहेत. मला आज दुसरं बोलायचंय. उन्हाचं बोलायचंय.

कोणी म्हणंल, ऊन काय आपल्याला नवं हाय का? जन्म उन्हातच गेला. पण परवा आमच्या जथ्यात जे झालं ते तुमच्यापर्यंत उडत उडत आलंय. कोणी म्हणतंय पोरगा मेला, कोणी म्हणतंय दारू पिऊन पडला. दोन्ही खोटं. म्हणून नीट सांगतो.

माजलगाव सोडल्यावर दुपारी बाराच्या पुढं आमच्यातला एक पोरगा मागं पडायला लागला. बावीस वर्षांचा, अंगानं धट्टाकट्टा. सकाळपासून त्याचं डोकं दुखत होतं, मळमळत होतं, पोटऱ्यांत गोळे येत होते. तो कोणाला बोलला नाही. विचारलं की म्हणायचा, "काही नाही, चला." मग त्याचं बोलणं बंद झालं. मग सायकल रस्त्यावर इकडून तिकडं जायला लागली. उतरवलं तर ओकला, अंगावर काटा आला, आणि आम्हालाच विचारायला लागला, "बैल कुठं गेले?" बैल कुठले तिथं! अंगाला हात लावला तर तव्यासारखं, आणि घाम तर वाहतच होता.

एक म्हणाला पित्त झालं. एक म्हणाला बाहेरचं लागलं, लिंबू उतरवा. आमच्यातल्या एका ताईनं आशा वर्करचं काम केलेलं आहे. ती म्हणाली, "उतरवायचं ते मागून उतरवा, आधी पाणी ओता." रस्त्याकडंला लिंबाचं झाड होतं. सावलीत आडवा केला, सदरा काढला. शेजारच्या शेतातल्या मावशीनं बोअर चालू करून दिली. अंगावर पाणी ओतत राहिलो, गमज्यांनी वारा घालत राहिलो, ओले फडके मानेला, काखेत, जांघेत ठेवले. १०८ ला फोन केला. गाडी येईस्तोवर पाणी ओतायचं थांबवलं नाही. डॉक्टर म्हणाले, गार केलं म्हणून वाचला. आज त्याला दवाखान्यातून सुट्टी मिळाली. पुढचे काही दिवस ऊन नाही, सायकल नाही, म्हणून त्याला गाडीनं गावाकडं पाठवलं.

आता खरी गोष्ट पुढं आहे. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या शिष्टमंडळाला साहेबांनी भेटीची वेळ दिली होती. लई महिन्यांनी मिळालेली वेळ. तिथंच झाडाखाली वाद झाला. काही म्हणाले, दोघं जण ह्याच्यापाशी थांबा, बाकीच्यांनी पुढं निघायचं, वेळ चुकली तर पुन्हा कधी मिळंल? काही म्हणाले, ऊन उतरेपर्यंत कोणीच निघायचं नाही, अजून तिघांची डोकी दुखायलीत. हात वर करून ठरवलं. सगळे थांबलो. भेट हुकली. नवी तारीख मिळाली, ती पंधरा दिवसांनंतरची. जे पुढं जाऊ म्हणत होते त्यांना वाईट वाटलं, अजून वाटतंय. त्यांचं दुःख खोटं नाही. तरी मी म्हणतो, जथ्यानं केलं ते बरोबर केलं. का, ते सांगतो.

पहिलं, तो पोरगा बोलला का नाही? त्याला वाटलं आपल्यामुळं जथा थांबंल, लोक हसतील. ही लाज आपल्यात कुठून आली? बीड जिल्ह्यातल्या माणसांना हे मी सांगायला नको. इथली माणसं कोयता घेऊन सहा-सहा महिने ऊसतोडीला जातात. तिथं ताप आला, पाठ धरली, तरी फडात उभं राहावं लागतं. नाही राहिलं तर खाडा. खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून कापतो. काम बुडू नये म्हणून ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण ह्याच जिल्ह्यातलं. २०१९ साली ते राज्यभर गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. दुखणं लपवायचं हे मुकादमानं शिकवलेलं आहे. आपला जथा म्हणजे मुकादमाची टोळी नव्हं. इथं खाडा नाही. इथं "माझं डोकं दुखतंय, थांबा" म्हणणारा सगळ्यांचं काम करतो, कारण त्याच्या मागं गप बसलेले अजून तिघं असतात.

दुसरं. ऊन नुसता त्रास देत नाही, जीव घेतं. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरला सरकारी पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं उघड्या मैदानात बसली होती. व्यासपीठावर छप्पर होतं, लोकांच्या डोक्यावर नव्हतं. पारा ३८ च्या आसपास होता, चव्वेचाळीस-पंचेचाळीस नव्हे. चौदा माणसं गेली. ती सायकल मारत नव्हती, नुसती बसली होती. आणि ह्याच बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात, दुष्काळाच्या २०१६ सालात एप्रिल महिन्यात हातपंपावरून पाणी आणताना एक बारा वर्षांची मुलगी गेली. सावली आणि पाणी कोणाला मिळतं आणि कोणाला नाही, हा पण हक्काचाच प्रश्न आहे.

तिसरं, आपल्या मोर्चांचं. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. ६ तारखेला निघाला, १२ तारखेला मुंबईत आझाद मैदानावर पोचला. जवळजवळ १८० किलोमीटर. त्यात बहुतेक आपले आदिवासी, मागणी वनजमिनीची. पायाचे तळवे सोलून निघालेली माणसं सगळ्या देशानं पाहिली. शेवटचा टप्पा ती माणसं रात्री चालली, सकाळी दहावीच्या पोरांच्या परीक्षेला अडचण नको म्हणून. म्हणजे रात्री चालता येतं, मोर्च्याची वेळ आपल्याला ठरवता येते. पुढं २०२३ च्या मार्चमध्ये दिंडोरीहून पुन्हा मोर्चा निघाला. वाशिंदच्या मुक्कामात एक शेतकरी साथी आजारी पडला. दवाखान्यात नेलं, पण तो घरी परतला नाही. त्याला आपण विसरायचं नाही. विसरायचं नाही म्हणजे नुसता हार घालायचा नाही, पुढच्या मोर्च्यात तसं होऊ द्यायचं नाही.

आपण घोषणा देतो, "जान देंगे, जमीन नहीं देंगे." घोषणा चांगली आहे, मी पण देतो. पण कायदा काय म्हणतो ते बघा. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो. कागद नसला तर गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब पुरावा धरतात. गायरानाचं तसंच. २८ नोव्हेंबर १९९१ च्या जीआरप्रमाणं १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून जमीन कसत होतो हे सांगावं लागतं. हे कोण सांगणार? ज्यांनी तेव्हा नांगर धरला ती म्हातारी माणसंच सांगणार. त्यांना आपण तहसीलपुढं भर दुपारी डांबरावर बसवतो. एक म्हातारा उन्हानं गेला तर घरातला माणूस जातो आणि गावाचा पुरावा पण जातो. आपल्याला जिवंत राहून जमीन घ्यायचीय.

आता सायकलचं. जंगलातलं ऊन आणि डांबरी रस्त्यावरचं ऊन एक नाही. जंगलात सावली असते. रस्त्यावर वरून ऊन आणि खालून डांबराची झळ. सायकल चालत असते तेव्हा वारा लागतो, घाम जागीच वाळतो. किती पाणी गेलं ते कळत नाही. थांबलं की एकदम भडका उठतो. म्हणून सायकलवाला तहानेची वाट बघत बसला की फसला. आणि नव्या उन्हाची सवय व्हायला अंगाला आठ-पंधरा दिवस लागतात. पहिल्या दिवशीच जोर दाखवायचा नसतो.

हे नीट ध्यानात ठेवा, तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्यांनी पण.

डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पायात गोळे, लघवी कमी आणि गडद पिवळी होणं, ही पहिली खूण. तिथंच थांबायचं. सावली, आराम, मीठ-साखरेचं पाणी.

बोलणं अडखळणं, भलतंच बोलणं, झटके, शुद्ध हरपणं आणि अंग भट्टीसारखं, हा उष्माघात. घाम येतोय म्हणजे काही नाही, असं समजू नका. काम करता करता ऊन लागलेल्याला घाम येत राहू शकतो. लगेच पाणी ओतायचं, वारा घालायचा, १०८ ला फोन लावायचा. फोन फुकट, गाडी फुकट. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, छातीत जाईल. तापाची गोळी देऊ नका, ह्या तापाला ती चालत नाही.

मीठ-साखरेचं पाणी असं: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आशाताईकडं ओआरएसची पुडी मिळते, मागून घ्या. ताक, आंबील, कैरीचं पन्हं चांगलंच. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, पण कांदा पाण्याची जागा घेत नाही. आदल्या रात्री मोहाची घेतली तर सकाळी अंग आधीच कोरडं असतं. हे मी कोणाकडं बघून बोलत नाही, ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

बायांचं एक. आमच्या जथ्यात सात जणी आहेत. त्या दिवसभर पाणी कमी पितात, का तर वाटेत आडोसा नसतो. हे त्यांनी सांगितल्यावर आता थांबायची जागा त्याच ठरवतात. मोर्चा काढणाऱ्या प्रत्येक गावानं हे करावं.

ह्या गडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. इथून आषाढीला दिंडी पंढरपूरला जाते. वारकऱ्यांच्या वाटेत विसावा ठरलेला असतो. म्हातारी माणसं त्या चालीवर पंढरपूर गाठतात. विसाव्याला कोणी हार म्हणत नाही. आणि सायकलचंच बघायचं तर बाबा आमट्यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून भारत जोडो सायकल यात्रा काढली, शंभरावर पोरं-पोरी घेऊन. निघाले ते थंडीत. बाबांची पाठ कामातून गेलेली, सायकल मारणं शक्य नव्हतं. ते गाडीत आडवं पडून सोबत होते. यात्रेचा म्होरक्याच झोपून प्रवास करायचा, आणि कोणाला त्यात कमीपणा वाटला नाही.

परवा रात्री आम्ही बसून ठरवलं ते सांगतो, तुम्हाला पटलं तर तुम्ही पण घ्या.

सकाळी ११ ते दुपारी ४ जथा चालणार नाही. तासाला एकदा थांबायचं, मधे दर पाव तासाला दोन घोट. सगळ्यात हळू चालणारा पुढं, तगडे मागं. कोणीही हात वर केला की जथा थांबला, कारण नंतर विचारायचं. प्रत्येकाला एक जोडीदार, त्यानं आपल्या माणसाचं बोलणं-चालणं बघायचं, कारण ऊन लागलेल्याला स्वतःला कळत नाही. बीपी, शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघायच्या आधी डॉक्टरला विचारायचं. आणि साहेबांच्या भेटीची वेळ घेताना आधीच लिहून द्यायचं की माणसं लांबून येतात, वेळ सकाळची द्या, बसायला मांडव आणि प्यायला पाणी द्या. हे निवेदनात पहिल्या पानावर घालायचं.

पंधरा दिवसांनी तारीख आहे. त्या दिवशी आम्ही पुन्हा येणार, तुम्ही पण यायचं, म्हाताऱ्यांना घेऊन, सावलीसावलीनं. तो पोरगा तोवर बरा झाला तर गाडीनं येईल आणि स्वतःचा दावा स्वतः मांडील.

आमच्या साथींना सांगतो, पहाटे साडेचारला उठायचंय. आत्ता झोपायच्या आधी दोन तांबे पाणी प्या, बाटल्या भरून सायकलीला लावून ठेवा.

जोहार.