आजोबांच्या ल्युकेमियावर दोन औषधांची जोडी

माहीमच्या श्रोत्यांनो, परळचं टाटा मेमोरियल हे कर्करोगाचं रुग्णालय १९४१ पासून आपल्या शेजारी आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना तीव्र मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झाला, की जबर केमोथेरपी बहुधा झेपत नाही. अशांसाठी दोन औषधं एकत्र देतात. ॲझासायटिडिनची इंजेक्शनं, २८ दिवसांच्या फेरीत सात दिवस. जोडीला व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या. कर्करोगाच्या पेशींना जगवणारं बीसीएल-२ हे प्रथिन या गोळ्या रोखतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या ॲझासायटिडिनवर निम्मे रुग्ण ९.६ महिन्यांपलीकडे जगले, दोन्हींवर १४.७. हे पाच महिने मला फार मोलाचे वाटतात. मात्र या औषधांनी पांढऱ्या पेशी घटतात आणि संसर्गाचा धोका वाढतो. म्हणून ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच रुग्णालय गाठा. आणि बुरशीवरचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, व्हेनेटोक्लॅक्सचा डोस कमी करावा लागू शकतो.